निदानाचा हक्क : दौंड-शिरूरच्या वस्त्यांना तपासणी केंद्र कशासाठी हवे?

१४ एप्रिलला विहारासमोर मंडप पडतो. दोन टेबले लागतात, बीपीचे यंत्र येते, शुगर तपासायच्या पट्ट्या येतात. सकाळपासून रांग लागते. दुपारी पाहुण्यांसोबत फोटो होतात, संध्याकाळी मिरवणूक निघते आणि दुसऱ्या दिवशी मंडप उतरतो. दौंड परिसरात आम्हीही अशी शिबिरे घेतली आहेत. एका वर्षी आमच्या वहीत ज्यांची शुगर वाढलेली नोंदवली होती, त्यांतले काहीजण पुढच्या जयंतीला त्याच रांगेत, त्याच तक्रारी घेऊन उभे होते. मधल्या वर्षभरात ते डॉक्टरकडे गेलेच नव्हते. दोष त्यांचा नव्हता. आम्ही त्यांना एक आकडा सांगितला होता. त्या आकड्याचे पुढे काय करायचे, कुठल्या खिडकीवर जायचे, कोणाला भेटायचे, हे सांगायला दुसऱ्या दिवशी तिथे कोणीच नव्हते.

त्या वहीमुळेच शिबिर आणि केंद्र यांतला फरक आमच्या लक्षात आला. शिबिर एका दिवसाचे असते. केंद्र रोज किंवा निदान ठरलेल्या वारी उघडे असते, तिथे आपली नोंद राहते आणि रिपोर्ट आल्यावर कोणीतरी घरी निरोप पाठवते. आपल्या वस्त्यांना अशा केंद्राची गरज का आहे, सरकारकडून काय मिळायला हवे, आणि विहार मंडळे व तरुण कार्यकर्ते कायद्याच्या चौकटीत राहून काय करू शकतात, याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

समाजाधारित निदान केंद्र म्हणजे काय?

निदान म्हणजे आजार ओळखणे. रक्त, लघवी, थुंकी यांच्या चाचण्या, एक्स-रे, सोनोग्राफी, ईसीजी ही त्याची साधने. समाजाधारित निदान केंद्रात या तपासण्या मोठ्या रुग्णालयाच्या आवारात न होता लोक राहतात तिथे किंवा तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतात. कोणत्या तपासण्या हव्यात, केंद्र कुठल्या वेळी उघडे असावे, रिपोर्ट कसा कळवावा, हे ठरवताना वस्तीतल्या लोकांचा शब्द चालतो.

ही कल्पना फक्त गरीब देशांसाठी नाही. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेने २०२१ पासून अशी केंद्रे उघडायला सुरुवात केली. रुग्णालयांतल्या लांब रांगा कमी व्हाव्यात आणि माणसाची तपासणी घराजवळ व्हावी, हा त्यामागचा हेतू. काही केंद्रे तर बाजारपेठांच्या इमारतींत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांची यादी १९७७ मध्येच काढली होती. अत्यावश्यक तपासण्यांची पहिली यादी यायला मात्र २०१८ साल उजाडले. भारताची अशी यादी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२१ मध्ये सांगितले की जगातल्या ४७ टक्के लोकांना साध्या तपासण्याही नीट मिळत नाहीत. औषधाचा विचार सगळे करतात, पण औषध कशावर द्यायचे हे ठरवणारी तपासणी मागे पडते.

दौंड-शिरूरमध्ये अंतर कुठे पडते?

दौंड हे मोठे रेल्वे जंक्शन. पुण्यापासून रेल्वेने सुमारे ७५ किलोमीटर. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, तालुक्यात यवतला ग्रामीण रुग्णालय आहे. शिरूर तालुक्यात शिरूर आणि न्हावरे इथे ग्रामीण रुग्णालये आहेत. त्याखाली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे. नकाशावर पाहिले तर व्यवस्था उभी आहे.

आता त्या नकाशावर माणसे ठेवून पाहू. कुरकुंभ आणि रांजणगाव एमआयडीसीतले कंत्राटी कामगार पाळीत काम करतात. सकाळी ओपीडी उघडते तेव्हा ते कामावर असतात किंवा रात्रपाळी करून झोपलेले असतात. शेतमजूर बाया सकाळी सातला शेतावर निघतात. साखर कारखान्यांच्या हंगामात, दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळा लागेपर्यंत, बीड आणि नगरकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या फडाशेजारी खोपी टाकून राहतात. त्यांचे रेशनकार्ड एका जिल्ह्यात, कोयता दुसऱ्या जिल्ह्यात आणि मुकादमाची उचल डोक्यावर. या सगळ्यांत बौद्ध, मातंग, पारधी, भटके-विमुक्त, मुस्लिम आणि गरीब मराठा कुटुंबे आहेत.

यांच्यासाठी एका तपासणीचा हिशेब असा असतो. पहिल्या दिवशी केसपेपर काढून डॉक्टरांना दाखवायचे. तपासणी उपाशीपोटी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे. रिपोर्ट घ्यायला तिसरा दिवस. रिपोर्ट दाखवायला तेव्हा डॉक्टर नसतील तर चौथा. तपासणी फुकट असली तरी चार दिवसांची मजुरी बुडते. आमच्या ओळखीच्या एका घरकाम करणाऱ्या ताईंना सहा महिने धाप लागत होती. त्या प्रत्येक वेळी पहिल्या दिवशी जाऊन यायच्या, दुसऱ्या दिवशी खाडा परवडायचा नाही. शेवटी चक्कर येऊन पडल्या तेव्हा हिमोग्लोबिन तपासले गेले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे या ताई अपवाद नाहीत. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पाच मिनिटांत कळणारी गोष्ट कळायला त्यांना सहा महिने लागले.

निदान नसले की उपचारही चुकतो

वेळेवर निदान झाले नाही की आजार वाढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. विश्वासार्ह निदान जवळ नसेल तर नको तो उपचार माथी मारला जातो, हे कमी बोलले जाते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यासमोर आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून जास्त स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. अंगावरून पाणी जाते, ओटीपोट दुखते, पाळीत जास्त जाते, अशा तक्रारी घेऊन बाई जाते. तिला कॅन्सरची भीती घातली जाते. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला वेळ नसतो, पैसा नसतो, आणि पाळीत कामाचा खाडा नको म्हणून घरचेही होकार देतात. गर्भाशयाच्या मुखाची साधी तपासणी, पिशवीची नीट केलेली सोनोग्राफी आणि तो रिपोर्ट समजावून सांगणारे एक निःस्वार्थी माणूस तिच्याजवळ असते, तर यातल्या किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या, हा प्रश्न आपल्याही दारातला आहे. याच टोळ्या आपल्या दोन तालुक्यांतल्या फडांवर येतात.

क्षयरोगाचेही तसेच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी व्हायला हवी. सरकारी केंद्रात ती फुकट होते, औषधे फुकट मिळतात आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती). तरी माणूस मेडिकलमधून खोकल्याची बाटली घेत राहतो आणि तोपर्यंत एका खोलीत झोपणाऱ्या घरातल्या पाच जणांना धोका वाढतो.

सिकलसेल : आपल्या घरातला प्रश्न

बौद्ध तरुणांनी या आजाराकडे विशेष लक्ष द्यायला हवे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार महाराष्ट्रात प्रामुख्याने विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजांत तसेच नंदुरबारसारख्या आदिवासी पट्ट्यात आढळतो. रेल्वेची नोकरी, राज्य राखीव पोलीस दल आणि एमआयडीसी यांमुळे दौंड-शिरूरला बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली कुटुंबे आहेत, आणि सोयरिकी तर राज्यभर होतात.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक माणसाला स्वतःला सहसा त्रास होत नाही, म्हणून तपासल्याशिवाय कळत नाही. पहिली चाचणी साधी आणि स्वस्त आहे. ती संशयास्पद आली तर प्रयोगशाळेत पक्की चाचणी होते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आणि त्यासाठी २०४७ पर्यंतची मुदत ठेवली आहे.

इथे एक इशारा. वाहक असणे हा आजार नाही. “मुलगी सिकलसेलची आहे” अशी कुजबुज वस्तीत सुरू झाली तर पुढच्या दहा मुली तपासणीला येणार नाहीत. मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी, तीही लग्न ठरण्याआधी, आणि रिपोर्ट फक्त त्या व्यक्तीच्या हाती, हा नियम पाळता येत नसेल तर केंद्राने ही तपासणी हाती घेऊ नये.

कागदावर आपले काय आहे?

नवीन काही उभारण्याआधी जे आपले आहे ते माहीत हवे.

• केंद्र सरकारच्या निकषांनुसार उपकेंद्र पातळीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात १४, प्राथमिक आरोग्य केंद्रात ६३, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर ९७ आणि उपजिल्हा रुग्णालयात १११ प्रकारच्या तपासण्या मिळायला हव्यात.

• महाराष्ट्रात ‘महालॅब’ व्यवस्थेतून सरकारी केंद्रात घेतलेला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत जातो आणि रिपोर्ट परत केंद्रात येतो. म्हणजे रक्त द्यायला पुण्याला जायची गरज नाही.

• १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत.

• तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी प्राथमिक तपासणी हा सरकारी कार्यक्रम आहे. मिश्री आणि तंबाखू घराघरांत असताना तोंडाच्या तपासणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

• धोकादायक प्रक्रिया असलेल्या कारखान्यांत कामावर घेण्यापूर्वी आणि नंतर दर बारा महिन्यांत कामगाराची वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या तपासणीची कागदपत्रे पाहण्याचा हक्क कामगाराला आहे. कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्या आपल्या भावांनी ती मागितली पाहिजेत.

• महात्मा फुले जन आरोग्य योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. ओपीडीतल्या रोजच्या तपासण्यांचा खर्च त्यातून निघत नाही. म्हणून वरच्या मोफत तपासण्या अधिकच मोलाच्या.

यादीत तपासणी असणे आणि यंत्र चालू असणे यांत फरक पडतो, हे आपण सगळे जाणतो. इथे आम्हाला महाड आठवते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही अस्पृश्यांना पाणी मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर चालत गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. मोफत तपासण्यांचे ठरावही झालेले आहेत. तळ्यापर्यंत चालत जायचे काम बाकी आहे, आणि समाजाच्या केंद्राचे पहिले काम हेच.

आपल्याच भागातली उदाहरणे

शिरूर तालुक्यातले वढू बुद्रुक आपल्याला गोविंद गोपाळ यांच्या समाधीमुळे माहीत आहे. त्याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. शहरातले रुग्णालय गावात गेले आणि गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केले गेले. १९९३ मध्ये कोयाजी यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००२ पासून शिरूर व हवेली तालुक्यांतल्या २२ गावांत घराघरांतल्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतराची सलग नोंद ठेवली जाते. वर्षानुवर्षे तीच घरे, तीच नोंद, यातून आजाराचा माग लागतो. आमच्या जयंतीच्या वहीत नेमके तेच नव्हते.

शेजारच्या नगर जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावातल्या कमी शिकलेल्या, कित्येकदा निरक्षर बाया, त्यांत अनेक दलित, गरोदर बाईची तपासणी करायला आणि धोका ओळखायला शिकल्या. जिच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिच्याकडे गाव आजार दाखवायला येऊ लागले. समाजशास्त्रात आपण जातिव्यवस्थेतली सत्ता म्हणून जे शिकतो, ती इथे बीपीच्या पट्ट्याने थोडी सैल झाली. पुण्यात दापोडीला त्रैलोक्य बौद्ध महासंघाशी जोडलेल्या ‘बहुजन हिताय’ने १९८० च्या दशकात वस्तीत आरोग्याचे काम उभे केले. धम्माचे काम आणि दवाखान्याचे काम एका आवारात होऊ शकते, हे तेव्हाच दिसले आहे.

विहारात काय करता येईल, काय करू नये?

उत्साहात चूक होऊ नये म्हणून कायद्याची बाजू आधी. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टची सही लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. सोनोग्राफी यंत्रासाठी १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली नोंदणी लागते. एक्स-रेसाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. वापरलेल्या सुया आणि रक्ताचा कापूस यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे करावी लागते. एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करणे आणि तिचा रिपोर्ट उघड करणे २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरू शकते. म्हणून वर्गणी काढून घाईने लॅब थाटणे आम्ही सुचवत नाही. सुरुवात अशी करता येईल :

१. ठरलेला वार. आठवड्यातून एक संध्याकाळ विहाराचे सभागृह तपासणीसाठी ठेवा. पाळी सुटलेला कामगार आणि शेतातून परतलेली बाई येऊ शकेल अशी वेळ निवडा. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या, समुदाय आरोग्य अधिकारी, एएनएम आणि आशाताईंना बोलवा. रक्त घेण्याचे काम त्यांचे, जागा आणि माणसे जमवण्याचे काम आपले.

२. एक वही, एक जबाबदार माणूस. नाव, तपासणी, रिपोर्टची तारीख, पुढची भेट. वही कुलपात राहील. रिपोर्ट व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, माइकवर नाव पुकारायचे नाही.

३. सोबती. रिपोर्टमध्ये काही निघाले तर पहिल्या भेटीला एक कार्यकर्ता सोबत जाईल. केसपेपर काढण्यापासून गोळ्या मिळेपर्यंत. वस्तीतल्या शिकलेल्या पोरींनी हे काम आमच्यापेक्षा चांगले केले आहे.

४. हिशेब मागणे. महिन्याच्या शेवटी कोणती तपासणी मिळाली नाही, का मिळाली नाही, हे लिहून रुग्ण कल्याण समितीकडे द्या. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्या बैठकीत बसा. आरोग्यसेवेवरची लोकाधारित देखरेख महाराष्ट्रात २००७ मध्ये ज्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत पुणे जिल्हा होता. जनसुनवाईत प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे आहेच.

५. दार सर्वांना उघडे. खोपीतली ऊसतोड बाई, पारधी वस्तीतला म्हातारा, शेजारच्या आळीतले मुस्लिम कुटुंब, सगळे या रांगेत असावेत. विहाराची पायरी चढायला कोणाला संकोच वाटत असेल तर महिन्यातून एकदा टेबल त्यांच्या दारात न्यावे.

हे सहा महिने नीट चालले, वहीतली माणसे खरोखर उपचारावर आली, तर पुढची पायरी म्हणून नोंदणीकृत पॅथॉलॉजिस्टशी करार करून नमुना संकलन केंद्राचा विचार करता येईल.

रिपोर्टमागचे माणूस

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला स्वच्छ केले. मग भिक्खुसंघाला विचारले की तुमची काळजी घ्यायला इथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची घेतली नाही तर कोण घेणार? तिथेच शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही सांगितले आहेत : काय मानवते आणि काय मानवत नाही हे त्याला कळावे, त्याने लोभाने काम करू नये आणि घाणीची किळस करू नये. तपासणी केंद्रावर बसणाऱ्या कार्यकर्त्यासाठी याहून चांगली नियमावली आम्हाला सापडलेली नाही.

१८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. मूल वाचले, सावित्रीबाई १० मार्चला गेल्या. दवाखाना तेव्हाही होता, पण वस्ती आणि दवाखाना यांच्यामधले अंतर कोणीतरी अंगावर घ्यावे लागले. आज ते अंतर मुंढवा-हडपसरपेक्षा फार वेगळे नाही. एक केसपेपर, दोन खाडे आणि न कळणारा एक कागद, एवढेच ते आहे.

येत्या जयंतीला शिबिर जरूर घ्या. फक्त मंडप उतरवताना वही विहारात ठेवा आणि पुढच्या आठवड्यात ती उघडायला कोण येणार, त्याचे नाव त्याच संध्याकाळी ठरवा.